मुलाने कोणाचे ऐकू नये?

नाताळापूर्वीच्या आगमनकाळात धर्मग्रामाच्या कडेकोपऱ्याला विखुरलेल्या कुटुंबांना भेटून यावे, अशी आम्हा धर्मगुरूंची जुनी रीत आहे. २०२५ च्या डिसेंबरात अशाच एका भेटीसाठी मी मंचरहून अवसरी बुद्रुकला निघालो होतो. थंडी होती म्हणून अंगात स्वेटर, डोक्यावर हेल्मेट, झगा पिशवीत. एके ठिकाणी रस्त्याला फाटा फुटला आणि दोन्ही अंगांना ऊस उभा असल्यामुळे पुढचे काही दिसेना. तेथून पाठीला दप्तर लावलेला एक सात-आठ वर्षांचा मुलगा चालला होता. मी गाडी थांबवली, कुटुंबाचे नाव सांगितले आणि घर विचारले. तो नुसता पाहत राहिला. मला उशीर झाला होता. "चल, बस मागे. घर दाखव, मग तुला तुझ्या घरी सोडतो," मी म्हणालो. तो दोन पावले मागे सरकला, वळला आणि धूम पळत सुटला. माझ्या पुढे नव्हे, तर मी ज्या दिशेने आलो होतो त्या दिशेला. मी गाडी वळवीपर्यंत तो एका अंगणात बसलेल्या बायकांच्या घोळक्यात शिरलाही होता.

विचारत विचारत मी त्या घरी पोहोचलो. चहा होतो न होतो तोच तो मुलगा दारातून आत आला. तो त्याच घरचा नातू निघाला. मी हसत हसत रस्त्यातली गोष्ट सांगितली. सांगायला नको होती. आजींचा चेहरा उतरला. "फादर आहेत ते! देवाच्या माणसाला साधं उत्तर देता येत नाही तुला? ये इकडं, पाया पड. माफी माग." मुलाने मान खाली घालून माफी मागितली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "शहाणा मुलगा आहे" असे म्हणालो आणि खिशातले चॉकलेट काढून त्याच्या हातावर ठेवले. नंतर प्रार्थना झाली, घराला आशीर्वाद दिला आणि अंधार पडायच्या आत निघालो.

परतीच्या वाटेवर महामार्गाच्या गर्दीत माझ्या मनाने ती गोष्ट पुन्हा चाळली, आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली. त्या मुलाने काय केले होते? अनोळखी माणूस गाडी थांबवून मागे बस म्हणतो. मूल बोलण्यात गुंतत नाही, अंतर राखते, गाडी ज्या तोंडाने उभी आहे त्याच्या उलट दिशेला पळते आणि बायकामुले असतील तेथे जाऊन उभे राहते. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने शाळेत येऊन तासभर शिकवले असते, तर याहून अधिक काय शिकवले असते? आणि आम्ही मोठ्यांनी त्याला त्याबद्दल वाकायला लावले. इतकेच नव्हे, तो वाकल्यावर त्याच अनोळखी माणसाने त्याला खाऊ दिला. पुढच्या वेळी कोणी गाडी थांबवली तर त्या मुलाच्या पायांना काय आठवेल, पळणे की माफी मागणे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या भागातले लोक मुलांच्या बाबतीत बेफिकीर आहेत असे कोणी समजू नये. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा जुन्नर वनविभाग बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याच्या पिढ्या जन्मू लागल्या. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे राहिले, तरी प्रश्न राहिला. २०२५ च्या ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरच्या आरंभी शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि एक तेरा वर्षांचा मुलगा बिबट्याने नेले. संतापलेल्या लोकांनी मंचरला महामार्ग रोखून धरला. तेव्हापासून त्या परिसरातील प्रत्येक मुलाला धडा पाठ आहे: एकट्याने जाऊ नये, मोठ्याने बोलत चालावे, हातात काठी असावी, उसाच्या कडेला खाली वाकून बसू नये. हा धडा आईबाप निःसंकोच देतात. त्यात कोणतीही नैतिक अडचण नाही. बिबट्याशी नीट बोल, त्याला वाईट वाटेल, असे कोणतीही आजी नातवाला सांगत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र आमची जीभ अडखळते. कारण माणूस पळवायला येतो तो बिबट्यासारखा येत नाही. तो हाक मारतो, नाव घेतो, "तुझ्या बाबांनी पाठवलंय" म्हणतो. आणि बोलणाऱ्या मोठ्या माणसाला उत्तर द्यावे, त्याचा शब्द मोडू नये, हे तर आम्हीच मुलाच्या हाडीमांसी रुजवलेले असते. पळवणाऱ्याचे अर्धे काम आम्ही संस्काराच्या नावाने आधीच करून ठेवलेले असते, हे लिहिताना माझ्या हाताला जड वाटते. पण ते खरे आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत एक भयंकर धडा घेतला आहे. माझ्या वयाच्या वाचकांना तो आठवत असेल. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांनी पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि आसपासच्या भागांतून तेरा लहान मुले पळवली. यात्रा, मंदिरे, बसस्थानके ही त्यांची ठिकाणे. धंदा पाकीटमारीचा. कडेवर मूल असलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही, आणि पकडली गेलीच तर मुलाकडे पाहून लोकांचे मन द्रवते, एवढ्यासाठी त्यांना मुले हवी होती. मूल रडू लागले किंवा जड झाले की ते मारून टाकले जाई. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्या पकडल्या गेल्या. अंजनाबाई १९९७ मध्ये कोठडीतच मरण पावली. मुलींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पाच खुनांबाबतची ती शिक्षा २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला, आणि त्या निर्णयाला लागलेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

या प्रकरणाची भीती पुष्कळ वर्षे पुरली. पण त्यातून आम्ही जे शिकायला हवे होते ते शिकलो का, याची मला शंका आहे. आमच्या लहानपणी पोरे पळवणारा म्हणजे खांद्यावर पोते घेतलेला, दाढी वाढलेला पुरुष. येथे तीन बायका होत्या, त्यांतल्या एकीला कोणीही आजी म्हणावे अशी. आणि बहुतेक मुले इतकी लहान होती, की त्यांना पळायला किंवा ओरडायला शिकवणे शक्यच नव्हते. दीड-दोन वर्षांच्या लेकराला काय शिकवणार? तेथे शिकायचे होते ते आईबापांनी, भाऊबंदांनी, यात्रेत शेजारी उभ्या असलेल्या आपण सर्वांनी. मुलांना स्वसंरक्षण शिकवले की आपली जबाबदारी संपली, असा जो समज अलीकडे शिबिरांमुळे होऊ लागला आहे, त्याला हे उत्तर आहे. त्या प्रकरणात शाळेच्या वयाची, सुमारे नऊ वर्षांची एक मुलगीही होती. ती अंजनाबाईच्या नवऱ्याला दुसऱ्या पत्नीपासून झालेली. म्हणजे ज्या मुलीला 'अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस' हा धडा देता आला असता, तिच्यावर आलेले संकट नात्याच्या वर्तुळातूनच आले होते. तिच्या आईने तक्रार लावून धरली म्हणून सारे उघडकीस आले.

यात्रेत मूल हरवलेल्या आईबापांना दोष देण्याची आपल्याला फार घाई असते. म्हणून एक आठवण करून देतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या सणात मागे राहिला, तेव्हा मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले होते. तो आपल्याच माणसांत, कोणा नातेवाइकाबरोबर असेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. पवित्र कुटुंबाकडूनही जे झाले ते आपल्याकडून होऊ शकते. आज आपल्या देशात हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि मूल पळवले गेले असावे असे धरूनच तपास सुरू केला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. "उद्यापर्यंत वाट पाहा, येईल" असे कोणी म्हणाले तर ते ऐकून घरी परतण्याचे कारण नाही. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने सुरू झालेली १०९८ ही बालकांची दूरध्वनी सेवा आता देशभर आहे. तो आकडा मुलांना पाढ्यांसारखा पाठ असावा.

अवसरीहून परतल्यावर पुढच्या रविवारी मी धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रयोग केला. आमच्या युवक संघातला एक तरुण, जो मुलांना माहीत नव्हता, त्याला मी आवारात उभे केले. त्याने एकेका मुलाला बाजूला बोलावून सांगायचे: "तुझ्या आईला बरं नाही, तिनं मला पाठवलंय, चल." वर्गातील खोडकर मुले, ज्यांच्याबद्दल आमच्या शिक्षिकाबाई दर आठवड्याला तक्रार करतात, त्यांनी "कुठली आई? नाव काय तिचं?" असे उलट विचारले. एक जण तर सरळ हसत सुटला. आणि ज्यांना आम्ही दर वर्षी चांगल्या वर्तनाचे बक्षीस देतो, ती मुले निमूटपणे त्याचा हात धरून फाटकाकडे चालू लागली. मी खिडकीतून पाहत होतो. ती बक्षिसे मीच दिली होती.

मग आम्ही त्यांना शिकवायला बसलो. काय शिकवले तेही सांगतो, कारण पुष्कळ पालक मला ते विचारतात. घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. तो जो सांगणार नाही त्याच्याबरोबर मूल जाणार नाही, मग तो काका असो की पोलीस. नुसते रडू नये. बसस्थानकावर मोठा माणूस रडणाऱ्या मुलाला ओढत नेताना दिसला, तर पाहणारे म्हणतात, हट्टी पोर दिसते, आणि तोंड फिरवतात. म्हणून ओरडायचे ते शब्द नेमके असावेत: "हे माझे बाबा नाहीत, मी यांना ओळखत नाही." ओढले तर जमिनीवर पडून राहावे, पडलेल्या मुलाचे वजन दुप्पट होते. खांब, सायकल, कोणाही बाईचा पदर, जे हाती लागेल ते धरून ठेवावे. चावावे. पळायचे ते गाडीच्या तोंडाच्या उलट दिशेला, आणि एकाकी जागेकडे नव्हे तर दुकानाकडे, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीकडे, मुले बरोबर असलेल्या बाईकडे. गावितांच्या प्रकरणानंतर हा शेवटचा सल्लाही पूर्ण निर्धोक राहिलेला नाही हे मी जाणतो. पण एका माणसापेक्षा चार माणसे बरी, एवढाच हिशेब येथे करता येतो. 'चावावे' म्हटल्यावर मुलांना कोण आनंद झाला! त्यांनी एकमेकांवर सराव सुरू केला आणि बाईंना वर्ग आवरावा लागला.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. पाचवीतली असेल. तिने विचारले, "फादर, आणि तुम्हीच बोलावलं तर?"

वर्ग गप्प झाला. बाई म्हणाल्या, "असं विचारतात का फादरांना? खाली बस." मी बाईंना थांबवले, पण मलाही उत्तर लगेच सुचले नाही. तिच्या मनात वाईट काही नव्हते. नियम कोठपर्यंत लागू आहे एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. पण मला माहीत होते ते तिला माहीत नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल सांगतात की पोक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिक्षक. आणि जगभरच्या ख्रिस्तसभेला गेल्या काही दशकांत मान खाली घालून कबूल करावे लागले आहे, की या ओळखीच्या माणसांत झगा घातलेलेही होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम घालून दिले; आपल्या देशाचा २०१२ चा कायदा तर असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरवतो, आणि त्यातून धर्मगुरूही सुटलेला नाही. मी त्या मुलीला म्हणालो, "मी बोलावलं आणि तुला यावंसं वाटलं नाही, तर येऊ नकोस. आईला विचारून ये, किंवा मैत्रिणीला घेऊन ये. मी रागावणार नाही. आणि मी रागावलोच, तर ते आईला जाऊन सांग." ती समाधान पावून खाली बसली. बाई मात्र त्या दिवशी माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

त्यांची अडचण मी समजू शकतो. चौथी आज्ञा आपल्याला आईवडिलांचा मान राखायला सांगते आणि आपण तिचा विस्तार करून सर्व वडीलधाऱ्यांना तिच्या छायेत आणले आहे. ते योग्यही आहे. पण मान राखणे आणि ऐकणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, हे आपण विसरलो. सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवीत, तेव्हा आज्ञापालनावरचा त्यांचा प्रश्न आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वरिष्ठांचे सर्वच बाबतींत ऐकले पाहिजे काय, असे ते विचारतात आणि उत्तर देतात, नाही. देवाच्या आज्ञेविरुद्ध असेल तेथे तर नाहीच. पण मनाच्या आतल्या हालचालींत, आणि शरीराच्या स्वभावाशी जडलेल्या गोष्टींतही माणूस माणसाच्या आज्ञेखाली नाही, कारण तेथे सर्व माणसे समान आहेत. संतांच्या डोळ्यांपुढे तेव्हा विवाह, ब्रह्मचर्य असे विषय होते, पळवले जाणारे मूल नव्हते, हे मान्य. तरी तेराव्या शतकातल्या त्या वाक्याची व्याप्ती मला त्या पाचवीतल्या मुलीपर्यंत पोहोचणारी वाटते. ख्रिस्तसभेचा आजचा धर्मशिक्षणग्रंथही मुलांच्या कर्तव्यांची यादी देताना तेथेच सांगतो, की एखादी आज्ञा पाळणे वाईट आहे अशी मुलाच्या विवेकबुद्धीची खात्री असेल, तर त्याने ती पाळू नये. हा परिच्छेद आम्ही प्रथम कम्युनियनच्या तयारीत कधी शिकवत नाही. मीही शिकवला नव्हता.

मुलाला 'नाही' म्हणता यावे असे वाटत असेल, तर त्याला ते घरातल्या घरात, सुरक्षित माणसांना म्हणण्याचा सराव हवा. मामाने गालगुच्चा घेतलेला आवडत नसेल, तर "नको मामा" म्हणण्याची मोकळीक हवी, आणि मामाने ते हसून मान्य करायला हवे. घरी ज्याचे 'नाही' रोज दाबले जाते, त्याच्या तोंडून ते एकदम रस्त्यावर, भीतीने घसा कोरडा पडलेला असताना, कसे निघणार?

त्याच वर्गात आणखी एका मुलाने शंका काढली. 'माझे बाबा मागून येताहेत' असे पळवणाऱ्याला सांगायचे, हे बाईंनी शिकवले होते. "पण बाबा येत नसतील तर ते खोटं नाही का? पापनिवेदनात सांगायचं का?" यावर मोठमोठे विद्वान अडखळले आहेत. संत ऑगस्टीन यांच्या मते कोणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलणे धर्म्य नाही. ते तागास्तेच्या फिर्मुस नावाच्या बिशपांचे उदाहरण देतात: त्यांनी एका माणसाला लपवले होते, आणि छळ सोसूनही एवढेच म्हणाले, की मी खोटे बोलणार नाही आणि त्याला दाखवूनही देणार नाही. आपल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत, ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे त्याला फसवणे म्हणजे खोटे बोलणे, अशी व्याख्या होती. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीतून अधिकाराचे ते शब्द गाळले गेले. म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि मी तो त्या दिवशी मिटवणार नव्हतो. मी त्या मुलाला सांगितले, की उत्तर देण्याची गरजच नाही. वाईट हेतूने विचारणाऱ्याला तू उत्तराचा देणेकरी नाहीस, तू फक्त पळ. आणि घाबरून तोंडून निघालेच, तर माझ्याकडे ते सांगायला यायची गरज नाही. बिशप फिर्मुस मोठे होते, थोर होते. आठ वर्षांच्या मुलाकडून त्यांची अपेक्षा करणे मला क्रूरपणाचे वाटते.

येथवर आलो, तरी मनात एक काटा राहतोच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागत गावोगाव हिंडणारे. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे सांगितले गेले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीच भ्रमणध्वनींवर फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. पाचही जण. एप्रिल २०२० मध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. आणि २०१८ साली देशभर फिरलेली ती चित्रफीत, ज्यात मोटरसायकलवरचे दोघे जण रस्त्यावरून मूल उचलून नेतात, ती कोठली होती? कराचीतील रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती तयार केली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येतात, मूल खाली ठेवतात आणि मूल पळवायला क्षणभरही पुरतो असा फलक दाखवतात. तो शेवटचा भाग कोणी तरी कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी घडवलेली वस्तू माणसे मारण्याचे हत्यार झाली.

म्हणून 'अनोळखी माणूस वाईट' हा धडा मला मान्य नाही. तो खोटा तर आहेच, कारण धोका बहुधा ओळखीचा असतो. आणि तो रक्तपातीही आहे. शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळाची मेंढरे परक्याचा आवाज ओळखत नाहीत म्हणून त्याच्यापासून पळतात. आणि त्याच शुभवर्तमानांच्या संग्रहात रस्त्यावर अर्धमेला पडलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनीही परकाच आहे. मी या दोन्हींवर अनेक प्रवचने दिली. दोन्ही एकत्र ठेवून कधी पाहिले नव्हते. मेंढरे चेहऱ्याला पळत नाहीत, आवाज कोठे नेऊ पाहतो आहे त्याला पळतात, असे मला आता वाटते. मुलाला शिकवायचे ते माणसांची जात, कपडे, दाढी पाहायला नव्हे, तर मागणी पाहायला. मोठा माणूस लहान मुलाकडे मदत का मागतो आहे? 'घरी सांगू नकोस' असे का म्हणतो आहे? आईला न विचारता का नेतो आहे? ही मागणी डवरी गोसाव्याने केली तरी पळ, मामाने केली तरी पळ, हेल्मेट घातलेल्या फादरने केली तरी पळ. आणि ज्याने पाणी मागितले त्याला पाणी दे. एवढा फरक सात वर्षांच्या मुलाला कळतो का, असे मला विचारले जाते. मुलांना तो कळेल असे वाटते. जमावाला कळेल याची मला खात्री नाही.

जानेवारीत मी पुन्हा अवसरी बुद्रुकला गेलो. या वेळी आधी फोन केला होता आणि झगा अंगात होता. आजींना मी सांगितले, की त्या दिवशी चूक नातवाची नव्हती, माझी होती, आणि त्याची माफी मागायला आलो आहे. त्यांना ते पटले नाही. "फादर, तुम्ही मोठे आहात. पोरासमोर असं बोलू नका. उद्या आमचंही ऐकायचा नाही तो," त्या म्हणाल्या. तसे होऊ शकेल, हे मी कबूल केले. ही किंमत आहे, आणि ती घरालाच द्यावी लागते. मी तर तासाभराने निघून जाणार होतो.

मुलगा दाराच्या फळीआड उभा होता. मी त्याला जवळ बोलावले नाही. बसल्या जागेवरूनच म्हणालो, "त्या दिवशी तू पळालास ते बरोबर केलंस. मी तुला गाडीवर बस म्हणायला नको होतं." त्याने आजीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता खेळायला निघून गेला. चॉकलेट मी या वेळी आजींच्या हातात दिले.